सूर खाली घेणं ही पळवाट कशी? काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू (सुनेचा उल्लेख केलात म्हणून काकू म्हणतेय, राग नसावा),

'गायला बिचकणाऱ्या बायकांसाठी काराओकेची सोपी जपानी गाणी' या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. पट्टी खाली करून गाणं ही पळवाट आहे, त्यापेक्षा रियाज करावा. मी दिलेली गाणी आजीच्या काळातली, त्यातही दोन पुरुषांची. 'बायकांसाठी सोपी' म्हणणं म्हणजे बायकांना कमी लेखणं. आणि योकोहामातली तुमची सून ही यादी वाचून डिसेंबरच्या ऑफिस पार्टीआधी धीट व्हायची सोडून आणखीच बुजली.

पट्टीचा मुद्दा एका विशारद बाईंकडून यावा याची मला गंमत वाटली. मैफलीत गायक काळी एकला गातो, गायिका काळी चारला किंवा पाचला. ज्याचा त्याचा गळा बघून तंबोरे लावतात, त्याला कोणी पळवाट म्हणत नाही. रेकॉर्डवरच्या गाण्याचा षड्ज मात्र मूळ गायिकेचा असतो, आणि जपानी पॉपमधल्या बऱ्याच गायिका वरच्या स्वरांवर पूर्ण छातीच्या आवाजात जोर लावतात. तो षड्ज तुमच्या सुनेने का स्वीकारावा? काराओकेच्या खोलीत गाणं निवडायला टॅबलेटसारखा देनमोकु असतो. त्यावर पट्टी वर-खाली करायच्या कळा असतात. एकदा दाबली की अर्धा स्वर, म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी. जपानी माणसं ही कळ बिनदिक्कत दाबतात.

आणि मुळात काराओकेचा जन्मच या 'पळवाटे'तून झालाय. कोबे शहरात इनोउए दाइसुके हे बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. एका कंपनीच्या मालकाला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीला त्यांची साथ हवी होती. इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी त्या गृहस्थांच्या गाण्याच्या सवयी सांभाळून साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१मध्ये त्यांचं यंत्र आलं. (त्याआधी टोकियोत नेगिशी शिगेइचींनीही असं यंत्र बनवलं होतं, त्यामुळे 'पहिला कोण' हा वाद आहेच.) इनोउएंनी पेटंट घेतलं नाही. २००४मध्ये त्यांना शांततेचं इग्नोबेल (नोबेलची गमतीशीर नक्कल असलेलं पारितोषिक) मिळालं, ते माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग काढल्याबद्दल! गाणाऱ्याने साथीला शरण जायचं नाही, साथीने गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, हा तिथला पहिल्या दिवसापासूनचा रिवाज आहे.

मात्र पट्टी खाली केली की सगळं सुटतं असं नाही, आणि माझी यादी तशी का आहे याचं उत्तर इथेच आहे. आजच्या जपानी गाण्याची सुरुवात खालच्या स्वरांत पुटपुटल्यासारखी होते, मग ते चढत जातं आणि 'साबी'त, म्हणजे धृपदात, एकदम उसळतं. साबी झेपावी म्हणून चार कळा खाली आलात, तर सुरुवातीच्या ओळी खर्जात बुडतात आणि माइकमधून नुसता श्वास ऐकू येतो. जिथे खालचा आणि वरचा स्वर एकमेकांपासून लांब, तिथे कळ कामाची नाही. म्हणून आवाका लहान असलेलं गाणं आधी शोधायचं आणि पट्टीचं मग बघायचं.

दुसरी अडचण दमसासाची. योआसोबी या जोडीचं 'योरु नि काकेरु' (२०१९) तुमच्या सुनेच्या ऑफिसातली तरुण मंडळी हमखास लावतील. ज्याने ते रचलं तो संगीतकार व्होकॅलॉइडच्या, म्हणजे संगणकाकडून गाऊन घेण्याच्या दुनियेतून आलेला. संगणकाला श्वास लागत नाही, आपल्याला लागतो! अक्षरं एकावर एक कोसळतात. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, असतात खरी, पण ती वाचेपर्यंत शब्दांवरून सरकणारा रंग पुढच्या ओळीवर गेलेला असतो.

जुन्या गाण्यांत एका स्वराला साधारण एक अक्षर. वाचायला वेळ मिळतो, श्वासाला जागा मिळते. साकामोतो क्यू यांचं 'उए ओ मुइते आरुकोऽ' घ्या. १९६१चं गाणं, १९६३मध्ये 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. त्याची पहिली ओळ गुणगुणून बघा, तुमच्या कानाला भूप लागेल. जपानी लोकप्रिय गाण्यांत मध्यम आणि निषाद गाळलेली पाच स्वरांची एक मांडणी फार रुळलेली आहे, आणि आपण लहानपणी भूपाची सरगम घोटतो तीच ती. हे घरचं भांडवल असताना मी नवखीला अनोळखी स्वरांत का ढकलू? मध्ये शिट्टीचा तुकडा आहे, तिथे शिट्टी येत नसेल तर पाणी प्यावं.

यामागुची मोमोएचं 'ईई हि ताबिदाची' (१९७८) घेतलं ते तिच्या आवाजासाठी. खालच्या अंगाचा, न किंचाळणारा आवाज. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेच्या जाहिरात मोहिमेचं गाणं असल्यामुळे साहेबांच्या पिढीला तर ते पाठच असतं. तैवानी गायिका तेरेसा तेंगचं 'तोकि नो नागारे नि मि ओ माकासे' (१९८६) जवळ धरलेल्या माइकवर हळू म्हटलं तरी शोभतं. मोठ्या आवाजाची ज्यांना भीती वाटते त्यांना माझ्या मते याहून चांगलं गाणं नाही. आजीच्या काळातली गाणी दिली असतील, तर आजीला चाली कळत होत्या एवढंच म्हणते.

पुरुषांची गाणी दिली कारण स्पित्स या बँडच्या 'चेरी'सारख्या (१९९६) गाण्यात गायकाचा आवाजच उंच आहे. बायकांच्या मधल्या पट्टीत ते बऱ्यापैकी बसतं. आणि 'बायकांसाठी' हा शब्द गळ्याबद्दल आहे, कुवतीबद्दल नाही. जपानीत तर गाण्यागणिक सर्वांत खालचा आणि वरचा स्वर देणाऱ्या आणि खालच्या आवाजाच्या बायकांसाठी वेगळ्या काढलेल्या याद्या सर्रास मिळतात.

रियाजाला माझी ना नाही. एकटीने जाऊन गायची तिथे पद्धतच आहे, तिला 'हितोकारा' म्हणतात. कामाच्या दिवशी दुपारी गेलं तर स्वस्तही पडतं. फक्त दोन गोष्टी कराव्यात. साथीचा आवाज थोडा कमी आणि माइकचा थोडा जास्त ठेवावा, म्हणजे स्वतःचा सूर ऐकू येतो. बुजऱ्या बायका नेमकं उलट करतात. आणि गुण देणारं यंत्र बंद ठेवावं. पडद्यावर स्वरांच्या पट्ट्या सरकत असताना शब्द कोण वाचणार? तुम्ही गेलात तर मात्र ते जरूर लावा. खालून स्वर उचलून घेतला की ते 'शाकुरी' मोजतं, आणि तुमच्या मुरक्या 'कोबुशी' म्हणून खपतील.

आता सूनबाई. पार्टीत तिने एकटीचं गाणं घेऊच नये. एकेबी फोर्टीएट या मुलींच्या मोठ्या गटाचं 'कोई सुरु फॉर्च्यून कुकी' (२०१३) लावावं. मुळातच ते घोळक्याने गायलेलं आहे. त्याचे हातवारे इतके गाजले की कंपन्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपापल्या माणसांना नाचवून व्हिडिओ काढले. साबी आली की खोलीतले निम्मे लोक आपोआप सुरू होतात. पट्टी चढी वाटली तर आधी दोन कळा खाली. माइक बहुधा दोन असतात, दुसरा शेजारणीच्या हातात द्यावा. आणि हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात उरकावं. नंतर तिला कोणी आग्रह करणार नाही, कारण तोवर रांगेत साहेबांचीच चार गाणी लागलेली असतील.