‘दोन रट्टे’ सुचवणाऱ्या रावेरकर भाऊंना

रावेरकर भाऊ,

आठवी ते दहावीच्या मुलांना स्वतःचं काम स्वतः आखायला मी कसं शिकवते, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: ‘बाई, पुण्या-मुंबईची फॅडं खान्देशात आणू नका. आमची पोरं रात्री दोनला उठून केळीला पाणी देतात, त्यांना जबाबदारी शिकवायला कोच लागत नाही. बापाने दोन रट्टे द्यावेत, नाहीतर पास झाल्यावर मोबाइल कबूल करावा, सगळं होतं. ज्याच्या घरात दोन खोल्या अन् सहा माणसं, तो पोरगा तुमचा तक्ता कुठे लावणार? फी घेऊन चाललेला धंदा आहे हा.’

मत वेगळं असल्याचं मला वाईट वाटत नाही. ‘बाई’ आणि ‘धंदा’चं वाटलं. मी चोपड्याची. वडील एसटीत कंडक्टर, आजोळी कोरडवाहू कापूस. वेचणीला मीही गेलेय, बोंडांच्या टोकांनी बोटं चिरून घेतलीत. खान्देश मला समजावून सांगायची गरज नाही. आणि समोर बसला असतात, तर याच शब्दांत बोलला असतात का?

एक गोष्ट मान्य. लेखासोबतच्या तक्त्यात अभ्यासाची वेळ पहाटेची आहे. शेतीची थ्री फेज लाइट, म्हणजे पाण्याच्या मोटारीला लागणारी वीज, ज्या आठवड्यात रात्रपाळीला असते, त्या आठवड्यात शेतकऱ्याच्या मुलाला ती वेळ जमणार नाही. तक्ता बदलते.

आता रात्री दोनचं पाणी. मुलगा उठतो, अंधारात बांधावरून जातो, हे कष्ट मी कधीच नाकारणार नाही. पण ‘ऊठ, मोटार चालू कर, हा व्हॉल्व्ह बंद कर, तो सोड’ हे सांगतं कोण? कोणत्या प्लॉटला किती वेळ, लाइट मध्येच गेली तर राहिलेलं कधी भरायचं, ड्रिपमधून खत कोणत्या दिवशी सोडायचं, यात डोकं वडिलांचं चालतं. केळी लागवडीपासून काढणीपर्यंत जवळपास वर्षभराचं पीक. ते वर्ष ज्याच्या डोक्यात असतं, त्याला नियोजन येतं. हुकूम पाळणाऱ्याला पाळणं येतं. तुमच्या मुलाला एक प्लॉट पूर्ण सोपवा, पाण्याची एखादी पाळी चुकली तरी मध्ये पडू नका, आणि मग मला सांगा. तो ते करत असेल तर मी स्वतः रावेरला येऊन त्याच्याकडून शिकेन.

माझ्याकडे दहावीचा असाच एक मुलगा आला होता, शेतातलं सगळं काम येणारा. आई म्हणाली, ‘हा अभ्यासाला बसतच नाही.’ मी त्याला दप्तर जमिनीवर पालथं करायला सांगितलं. तळाशी चोळामोळा झालेला चाचणीचा पेपर, पालकांच्या सहीची जागा कोरी. विज्ञानाची वही दुसऱ्याच मुलाची. टोपण नसलेले पेन, ठिबकचा एक जॉइनर. विचारलं, ‘भूगोलाचा नकाशा भरायचाय, तर पहिलं काय करशील?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘नकाशाच आणावा लागीन.’ तेच वहीत लिहिलं, त्याच्याच हाताने. आळस नव्हता हो तो! काम कुठून धरायचं, हे त्याला दिसत नव्हतं. सुरुवातीला मी रोज विचारते, मग नुसती वही बघते, मग तेही सोडते. रट्ट्याने तो बसला असता, पण रट्टा देणारा घरात असेपर्यंतच.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. आमच्या घरी शिस्त कडक. वडील उठवायचे, आई दप्तर भरून द्यायची, बारावीपर्यंत मी वर्गात पहिली. पुण्याला होस्टेलवर गेले आणि पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिले. विषय अवघड नव्हते. उठवणारं, आठवण करून देणारं कुणी नव्हतं. ज्या पोरीने त्या खोलीत बसून रडून काढलंय, तिच्या कामाला तुम्ही फॅड म्हणता?

आणि पुण्या-मुंबईचं म्हणाल तर अमळनेर कुठे आहे? १९२४ ते १९३० साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, वसतिगृह बघत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की न बोलता स्वतः आवरायचे. मुलं वरमली आणि आपण होऊन आवरू लागली. रट्टा कुठेच नाही.

मोबाइलचं थोडक्यात. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी बक्षीस कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळतात, हे मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच दाखवलंय. तुम्ही मोबाइल कबूल करता, तेव्हा अभ्यास ही मोबाइलची किंमत होते.

दोन खोल्यांच्या घराचं म्हणाल तर तक्ता वहीच्या पुठ्ठ्यावरही लागतो. फी माझ्यात आणि त्या पालकांत ठरते, तिचा हिशोब मी इथे देणार नाही.

तुमचा मुलगा नववीत आहे असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. प्लॉट सोपवलात तर काय झालं ते जरूर कळवा, चांगलं असो वा वाईट, जसंच्या तसं ठेवीन. पण ‘धंदा’ पुन्हा लिहिलंत, तर प्रतिक्रिया काढून टाकेन.