उधई (वाळवी) काय नर्सबाईंच्या पेटीत बसून आली होती?

आज गावातल्या नर्सबाईंनी खोली सोडली. मालकाने दाराची चौकट नखाने खरवडली, भुगा खाली पडला. "मॅडम, हे तुमच्याच काळातलं हाय." डिपॉझिटमधले चार हजार कापले!

काऊन बे? उधईची राणी जमिनीत. तिथून पायव्यातून, मातीच्या जुडाईतून नळी करत ती चौकटीत चढते. अन् त्याच भिंतीला मागून मालकाचीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, तीन वर्षांपासून रचलेली. मग तिला पोसलं कोणी?

बाईंनी दोनदा सांगितलं होतं. तोंडी. तिथंच घात झाला.

लोक १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ सांगतात: पंधरा दिवसांची नोटीस द्या, मग दुरुस्ती करून भाड्यातून कापा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. पण तो कायदा त्याच्याच अनुसूचीत नावं असलेल्या भागांपुरता, बहुतेक खेडी बाहेरच. तिथं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ पाहा. मालकाला ठाऊक असलेला छुपा दोष त्याने आधी सांगायचा. आणि जी दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक आहे, ती नोटिशीनंतरही झाली नाही तर खर्च भाड्यातून वळता होतो. 'बंधनकारक' म्हणूनच करारात एक ओळ टाका: उधई, चौकट, छप्पर मालकाकडे. राहायला जाता त्याच दिवशी चौकटी ठोकून पाहा, पोकळ वाजली की फोटो. नळी दिसली तर आधी फोटो, मग इंचभर फोडा. दोन-तीन दिवसांत पुन्हा बांधली तर उधई जिवंत आहे. पत्र स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन अन् पोचपावतीसह.

रॉकेल शिंपडून वरच्या तेवढ्या मरतात. भिंत-फरशीच्या सांध्यावर दर ३० सेंमीला १२ मिमीचं छिद्र, १९ लिटर पाण्यात १ लिटर क्लोरपायरीफॉस २० ईसी (पाण्यात मिसळायचं २० टक्क्यांचं कीटकनाशक), छिद्रामागे लिटरभर, वरून सिमेंट. दहा फुटी भिंतीला दहाएक लिटर लागते. हातमोजे घाला, लेकरं बाहेर ठेवा, विहीर जवळ असेल तर हे औषध नकोच.

दीड हजाराच्या भाड्यात मालकाला हे परवडत नाही, मान्य. पऱ्हाटी हलवायला किती पैसे लागतात हो, काकाजी? मित्रहो, तुमच्यापैकी कितीकांच्या खोल्या भाड्याने आहेत तेही ठाऊक आहे मला.

बाई भांडल्या नाहीत. चावी ठेवली, पेटी उचलली, दोन घरं सोडून दुसऱ्या खोलीत गेल्या. पुढच्या आठवड्यात मालकाच्या नातवाचा डोस आहे. त्याच चौकटीतून आत जायचं आहे त्यांना.