तीसास एक, पण कशाचे?

घरी खत करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा, की कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर ३०:१ असावे लागते, म्हणून एक भाग ओल्या कचऱ्याला तीस भाग सुका पाला घाला. हिरवे दिसेल ते नत्र आणि तपकिरी दिसेल ते कर्ब. लाकडाचा भुसा मिळाला तर पाल्याची गरजच नाही. आणि एवढे करून वास आलाच तर वरून चुना भुरभुरवा. यातला ३०:१ हा आकडा बरोबर आहे. तो कशाला लावायचा, याचा मात्र घोळ झाला आहे.

हे गुणोत्तर पदार्थांचे नसून त्या पदार्थांतील कर्बाच्या आणि नत्राच्या वजनाचे आहे. पाल्यातही नत्र असते, साधारण साठ भाग कर्बामागे एक भाग. भाजीच्या देठा-सालींतही कर्ब असतो, एका भाग नत्रामागे पंधराच्या आसपास. एक किलो भाजीचा कचरा घेतला, तर त्यात सुमारे ८५० ग्रॅम निव्वळ पाणी असते आणि उरलेल्या १५० ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमच्या आसपास कर्ब व चार-साडेचार ग्रॅम नत्र निघते. उलट एक किलो वाळलेल्या पाल्यात पाणी जेमतेम शंभर ग्रॅम, कर्ब चारशे ग्रॅमच्या वर आणि नत्र सात ग्रॅमच्या आसपास. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांवरून हिशेब मांडला तर एक किलो ओल्या कचऱ्याला साधारण ३०० ग्रॅम पाला पुरतो. पाला फुगीर असल्यामुळे डब्याने मोजताना तो ओल्या कचऱ्याच्या दीड-दोन पट भरतो, इतकेच. वजनाने तीसपट पाला घातला, तर गुणोत्तर साठाच्या जवळ जाईल, ओलावा बारा-तेरा टक्क्यांवर येईल आणि तो ढीग पुढच्या पानगळीपर्यंत आहे तसा पडून राहील. डब्याच्या मापाने तीसपट घातला, तरी तो कोरडाच राहणार.

रंगाची खूण तर पहिल्याच दिवशी फसवते. चहाचा चोथा तपकिरी, कॉफीचा जवळजवळ काळा, ताजे शेणही हिरवट-तपकिरी. पण तिन्ही नत्राच्याच बाजूला मोजायचे असतात, कारण त्यांचे गुणोत्तर वीसच्या आसपास असते. आपल्याकडे आणखी एक गोंधळ शब्दांचा आहे. नगरपालिकेच्या घंटागाडीच्या भाषेत ‘सुका कचरा’ म्हणजे प्लास्टिक, बाटल्या, पुठ्ठा. खत करणारा ‘सुके घाला’ म्हणतो तेव्हा त्याला पाला, काथ्या, पाचट अभिप्रेत असते. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि दुधाच्या पिशवीचे तुकडे खतात निघतात.

भुशाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर त्यात कर्ब नत्राच्या काहीशे पट असतो. मूठभर मिसळायला हरकत नाही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवली तर तो अर्धवट कुजलेला राहतो, आणि असे खत कुंडीत गेल्यावर जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात; मिरचीची पाने पिवळी पडतात ती यामुळे. प्लायवुडचा भुसा त्यातील गोंदामुळे मुळीच घेऊ नये.

चुन्याचा सल्ला सर्वांत महाग पडतो. वास दोन प्रकारचा असतो: नाकाला झोंबणारा अमोनियाचा, म्हणजे नत्र जास्त झाले, आणि सडक्या अंड्यासारखा, म्हणजे पाणी साचून हवा कोंडली. चुन्याने पहिला वास वाढतो, कारण आम्लता घटली की नत्र अमोनिया होऊन उडून जाते. दुसऱ्याचे कारण तसेच राहते. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी खत करण्याची जी पद्धत बसवली, तीत चुन्यासारखीच आम्लता घटवणारी लाकडाची राख वापरली जात असे हे खरे. पण ती शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि पिकांचे अवशेष यांच्या मिश्रणात, आणि ढीग ठरावीक काळाने उलटवला जाई. उलटवण्याची जागा चिमूटभर चुना घेऊ शकत नाही.

माझ्या गॅलरीतल्या पिंपातून खालच्या कुंडीत काळे पाणी ठिबकू लागले, तेव्हा मी आधी गुणोत्तराचीच चिंता करत बसलो होतो. खरे तर मूठभर मिश्रण दाबून पाहिले असते, तर बोटांमधून धार लागली असती. एखाद-दोन थेंब यावेत इतपतच ओल हवी. चुरडलेली बदामाची पाने आणि नारळाचा काथ्या घालून, काठीने तळापर्यंत खालीवर केल्यावर चौथ्या दिवशी वास गेला. पाने अखंड घातली तर मात्र ती पत्रावळीसारखी एकावर एक चिकटतात आणि हवा आणखीच अडते.

पाला ‘केव्हाही मिळतो’ असे संदेश गृहीत धरतो. आषाढात तो हाताला लागतो तेव्हा चिंब असतो. म्हणून फाल्गुनातच सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांगून दोन पोती कोरडा पाला जिन्याखाली भरून ठेवावा.