कळ पोटात, सुई घोट्यात

आमच्या घरात औषधाची एकच कसोटी आहे. घेताना जीव नकोसा झाला पाहिजे. काढा कडू असेल तर उत्तम, नाक दाबून प्यावा लागत असेल तर फारच उत्तम, आणि त्यासाठी पहाटे उठून परसातून काहीतरी उपटून आणावं लागत असेल तर मग विचारायलाच नको. या कसोटीवर पाण्याच्या घोटाबरोबर सुळकन उतरणारी गोळी पहिल्याच फेरीत बाद होते. इतकी सोपी गोष्ट अंगाला लागेलच कशी?

मी मालवणात एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला ऋतुचक्र शिकवताना गर्भाशयाची आकृती फळ्यावर न बघता काढते. मागच्या बाकावरची पोरं त्या तासाला अचानक पेन्सिलीला टोक काढायला लागतात, ते सोडून देऊ. पण हेच गर्भाशय पाळीच्या पहिल्या दिवशी पीळ घालायला लागलं, की माझं विज्ञान उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी बसतं आणि घराचा ताबा सासूबाईंकडे जातो.

एकदा मी त्यांना नीट समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आई, पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती स्नायूंना आवळायला लावतात, रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी पडतो, म्हणून कळ येते. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन या गोळ्या ती रसायनं तयार होण्यालाच आळा घालतात. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं हे कसं करतात ते जॉन व्हेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिलं, आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

सासूबाईंनी खोबरं किसता किसता सगळं ऐकून घेतलं. मग विळीवरून मान वर करून म्हणाल्या, "त्या बाप्याच्या पोटात कधी दुखलेला काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोबेल समितीकडेही नसावं.

खरी गंमत वेळेची आहे. ही गोळी कळ सुरू होता होताच घ्यायची असते, पोटात काहीतरी घालून. रसायनांचा सुळसुळाट पहिल्या एक-दोन दिवसांतच जास्त असतो, त्यामुळे एकदा ती सुटली की मागाहून गोळी घेऊन तितकासा उपयोग होत नाही. आमच्याकडे गोळीचा नंबर लागतो तो सगळ्यात शेवटी. आधी ओव्याचं पाणी. मग जिऱ्याचं. मग गरम पाण्याची पिशवी (हिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, शेकाने कळ कमी होते हे चाचण्यांतही दिसलंय). मग शेजारच्या काकींनी कुंपणावरून सांगितलेलं एक मूळ, ज्याचं नाव त्यांनाही आठवत नाही, पण "पानां अशी लांबट असतत." या सगळ्यांची रांग संपेपर्यंत मी घामाघूम होऊन भिंतीला टेकलेली असते. तेव्हा कुठे गोळीला परवानगी मिळते, ती उशिरा पोचते, आणि सासूबाई विजयी मुद्रेने म्हणतात, "बघ, काय उपेग झालो?" दुसऱ्या दिवशी दुपारी कळ आपली आपण ओसरते. त्या वेळी योगायोगाने हातात ओव्याचा पेला असतो. सगळं श्रेय ओव्याला.

"गोळये खाव नको गो, किडनी जातली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. याच सासूबाई गणपतीच्या आठ दिवस आधी स्वतः छत्री घेऊन मेडिकलमध्ये जातात आणि पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊन येतात. ती हार्मोनची गोळी. ती डॉक्टरला न विचारता चालते, दिवसाला तीनदा चालते, त्यात किडनीचा प्रश्नच येत नाही. बाप्पाच्या कामाची गोळी वेगळी, माझ्या कामाची वेगळी.

मेडिकलमध्ये मी गेले तर आणखी पंचाईत. काउंटरवरचा मुलगा माझाच विद्यार्थी. "बाई, कोणाक?" असं विचारतो, मी "घरात" म्हणते, आणि तो दहा गोळ्यांचं एवढंसं पाकीट आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून देतो. हातात नुसतं पाकीट असतं तर कोणाचं लक्षही गेलं नसतं. काळी पिशवी बघून आख्ख्या बाजारपेठेला माझी तारीख कळते.

२०२३ च्या अखेरीला तर सासूबाईंना सरकारी पाठिंबाच मिळाला. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप अशी गंभीर ॲलर्जी उठू शकते, लक्ष ठेवा, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने दिला होता. आमच्या भावोजींनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. ज्या भावोजींच्या समोर 'पाळी' हा शब्द उच्चारायचा नाही म्हणून मी वर्षानुवर्षं 'डोकं दुखतंय' सांगत आले, त्यांनीच वर लिहिलं होतं, 'समस्त लेडीजसाठी महत्त्वाचे'. खाली हात जोडलेले. मूळ इशाऱ्यातला 'क्वचित' हा शब्द मालवणात पोचेपर्यंत गळून पडला होता.

याच ग्रुपवर नणंदेने कुडाळच्या सुयावाल्यांचा, म्हणजे ॲक्युपंक्चरवाल्यांचा, शोध लावला. "वहिनी, गोळी नाही, काही नाही, नुसत्या सुया!" गोळी नाही आणि टोचतात, म्हणजे आमच्या कसोटीला अगदी उतरणारं. सासूबाईंनी तत्काळ मंजुरी दिली.

मालवणहून कुडाळला एसटी चौके, धामापूर, नेरूरपार करत जाते. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. खड्डे मात्र पूर्ण. ऐन पहिल्या दिवशी त्या रस्त्याने जायचं, तेही मागच्या चाकावरच्या सीटवर, म्हणजे दुखण्यापेक्षा इलाजाकडे पोचणंच जास्त दुखतं. शेजारी माशांची पाटी घेतलेली एक मावशी होती. तिने माझं उतरलेलं तोंड बघितलं आणि काही न विचारता खिडकीकडची जागा दिली. साऱ्या प्रवासात एकही उपाय न सुचवणारी ती एकमेव बाई.

सुयावाल्यांच्या भिंतीवर सरकारी कागद चौकटीत लावलेला होता. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, म्हणजे कारभार उघड्यावरचा नव्हे. शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथेच वारले. पण सुया भारतात आणून रुजवल्या त्या त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बसूंनी. त्यांचा फोटो कुठे दिसला नाही. मास्तरकीची खोड म्हणून मी तसं बोलूनही दाखवलं. गृहस्थांनी एक सुई जरा जास्तच निवांतपणे पाकिटातून काढली.

"दुखतंय कुठे, मॅडम?"

"ओटीपोटात."

त्यांनी माझा पाय धरला. आतल्या बाजूच्या घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर मोजली, कापूस फिरवला आणि तिथे सुई टोचली. पोटाच्या कळीचा हा म्हणे हुकमी बिंदू. शिरताना जेमतेम कळलं, मग पोटरीत एक बोथट जडपणा पसरला. दुसऱ्या पायालाही तेच. मग दिवा मालवला, पंखा लावला, मोबाईल टेबलावर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "अर्धा तास हलायचं नाही."

अर्धा तास! पाळीच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी, मी पलंगावर उताणी, आणि कोणी "गो, गॅस बंद केलंस?" म्हणून विचारत नाहीये. मला झोप लागली. उठले तेव्हा कळ बरीच उतरलेली होती.

आता विज्ञानाची बाई म्हणून मला प्रश्न पडणारच, की हे सुईने झालं की पंख्याने? परतीच्या गाडीत मोबाईलवर शोधत बसले. संशोधकांनाही हाच प्रश्न पडलेला. त्यासाठी त्यांनी खोट्या सुया बनवल्यात, टोक बोथट, दाबली की जादूगाराच्या सुरीसारखी मुठीत शिरणारी. रुग्णाला वाटतं टोचली. २०१६ साली कोक्रेन या, जगभरातल्या चाचण्या एकत्र ताडून बघणाऱ्या संस्थेने अशा आणि इतर मिळून ४२ चाचण्या, ४,६४० बायका, एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा, की सुया खरोखर गुण देतात की नाही हे ठरवायला पुरावा पुरेसा भक्कम नाही. गोळ्यांचा हिशोब त्यांनी २०१५ साली केला होता, ८० चाचण्या. तिथे गोळ्या खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट सरस, मात्र पोट बिघडणं, गुंगी असे त्रासही जास्त.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी दमा आहे का, अल्सर आहे का विचारलं, मग सोनोग्राफी लिहून दिली. वर्षागणिक कळ वाढत असेल तर आत दुसरं काही नाही ना ते बघावं लागतं म्हणाल्या. रिपोर्ट स्वच्छ आला. "गोळी वेळेवर घ्या. सुयांनी बरं वाटत असेल तर त्याही घ्या, माझी काही हरकत नाही." त्यांच्याकडे पंखा नव्हता, नाहीतर मी त्यांचाच सल्ला पलंगावर पडून घेतला असता.

घरी येऊन गोळ्या कपाटात ठेवायला गेले तर सासूबाईंच्या डब्यात एक अर्धं पाकीट. गुडघ्यासाठी. नाव वाचलं, डायक्लोफेनॅक. म्हटलं, "आई, ही माझ्याच गोळीची चुलत बहीण! आणि तुम्ही ही सकाळी कोऱ्या चहाबरोबर, उपाशीपोटी घेता?"

"माझी गुडघ्याची आसा," त्या म्हणाल्या. "ती किडनीत जाणा नाय."

बराच वेळ वाद झाला. अखेर त्यांनी तोडगा काढला की त्याही सुया घेऊन बघतील. पंच्याहत्तरी उलटल्यामुळे त्यांचं तिकीट फुकट, त्यामुळे उत्साह दांडगा. कुडाळला पलंगावर चढल्या, गुडघ्याभोवती सुया लागल्या, दिवा मालवला, पंखा सुरू झाला. अर्ध्या तासाने गृहस्थांनी मोठ्या आशेने विचारलं, "काय आजी, बरं वाटतंय?"

"बरा वाटता तर!" सासूबाई म्हणाल्या. "गोळी घेवनच निघालंय घराकडसून. एवढो लांबचो परवास, रिक्स कित्याक घेवची?"