डोक्यावर साडेसात टन गोटे

गोव्यात सपाट स्लॅब घालायचा म्हणजे मे महिन्यात तव्याखाली आणि जुलैत गळक्या टोपाखाली राहायची तयारी ठेवायची. वाडवडिलांना हे ठाऊक होतं. त्यांनी मंगळुरी कौलं चढवली आणि उतार असा ठेवला की पाऊस थेट पागोळीतून अंगणात. आम्ही मात्र चिऱ्याच्या भिंतींवर आरसीसीची गच्ची टाकली, आणि तेव्हापासून तिच्यावर काहीतरी थापतोच आहोत. आधी ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), मग डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारी चादर), मग चंदेरी रंग आणि शेवटी थकून पत्र्याची शेड.

आता या रांगेत गोटे आले आहेत. मेम्ब्रेनवर कापड अंथरायचं आणि त्यावर नदीतल्यासारखे गोल, गुळगुळीत गोटे पसरायचे. कल्पनेत खोट नाही. मेच्या दुपारी काळं मेम्ब्रेन 60-70 अंशांपर्यंत सहज तापतं, आणि संध्याकाळी वळवाची सर आली की दचकून आकसतं. रोजची ही ओढाताण आणि वरून अतिनील किरणं, यांनी ते ठिसूळ होऊन भेगाळतं. गोटे ऊन आपल्या अंगावर घेतात, मेम्ब्रेन सावलीत राहतं आणि वाऱ्याने उचललंही जात नाही. बस्स, एवढंच त्यांचं काम. गोटे पाणी अडवत नाहीत. गळक्या गच्चीवर गोटे टाकले तर ती गळकीच राहते, फक्त भोक कुठे आहे ते कुणाला दिसत नाही. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता पाटी रंगवून घ्यायचा विचार आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. थर 50 मिमीचा हवा. म्हणजे चौरस मीटरला सुमारे 80 किलो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. गोटे लागले पावणेदोन ब्रासहून जरा कमी (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वजन साडेसात टन. हे कायमचं ओझं आहे, पाहुण्यांसारखं चवथीला येऊन परत जाणारं नाही. गच्चीवर आधीच जुना कोबा असेल तर त्याचंच वजन चौरस मीटरला 200 किलोच्या पुढे असतं. त्यावर गोटे चढवायचे तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारायचं. "भाऊजींच्या घराला काही झालं नाही" हा हिशेब त्यात धरत नाहीत.

दुसरा प्रश्न मालाचा. गोटे 20 ते 40 मिमीचे, गोल आणि धुतलेले हवेत. ही मागणी ऐकली की आमचा मेस्त, म्हणजे गवंडी, हमखास म्हणतो, "पात्रांव, फातर म्हळ्यार फातर!" (मालक, दगड म्हणजे दगड!) आणि क्रशरवरची खडी आणून ओततो. खडीला धारा असतात. तिच्यावरून चार जण चालले की प्रत्येक खडा मेम्ब्रेनमध्ये दात रोवतो. शिवाय तिच्यासोबत आलेली भुकटी पहिल्याच पावसात गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन चिखल होते. चिऱ्याचे तुकडे तर नकोतच. ते झिजून माती होतात आणि कठडा लाल करून ठेवतात. गोटे जमिनीवर धुवून मग वर न्यायचे. वर नेऊन धुतले तर ती माती कुठे जाणार, ते विचारायची गरज नाही.

आता क्रम. स्लॅबला पाइपाकडे निदान शंभराला एक उतार, म्हणजे सहा मीटरला 60 मिमी. कठड्याच्या पायथ्याशी सिमेंटचा तिरका वाटा (कोपरा भरून काढणारी उतरती पट्टी), नाहीतर मेम्ब्रेन काटकोनात दुमडून तिथेच चिरतं. मग प्रायमर आणि मेम्ब्रेन. बाजूचा जोड 100 मिमी, टोकाचा 150. कठड्यावर ते गोट्यांच्या पातळीपासून 150 मिमी वर न्यायचं आणि टोक खाचेत बसवून सील करायचं. इथेच घात होतो. मेस्त मोजतो स्लॅबपासून. 50 मिमी गोट्यांनी खाल्ले की उरतात 100, आणि जुलैच्या तिरप्या पावसाला तेवढं पुरतं.

यानंतर चाचणी, तीही गोटे टाकण्याआधी. पाइप बुजवून सरासरी 50 मिमी पाणी 72 तास तुंबवायचं. हजार चौरस फुटांना साडेचार हजार लिटरहून जास्त. मेमध्ये, नळाला थेंब नसताना, टँकर मागवून गच्चीवर पाणी ओतणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने बघतात, ती सहन करायची. चाचणी चुकवली तर पाऊस ती फुकटात घेतो, फक्त साडेसात टन गोटे वर असताना.

छत पास झालं की 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, जोडाला 200 मिमी पदर ठेवून, आणि त्यावर गोटे. घमेल्यात 20 किलो धरले तर 370 खेपा. ट्रॉलीने चढवा की डोक्यावरून न्या, पण गच्चीच्या मध्यावर ढीग करू नका. एक ब्रासचा ढीग म्हणजे साडेचार टन एकाच ठिकाणी, आणि स्लॅबला त्याची कल्पना दिलेली नसते.

गोट्यांनी घर थंड होईल ही आशा अर्धीच धरावी. दिवसा ते ऊन झेलतात, पण गिळलेली ऊब रात्री सावकाश ओकतात, नेमकी माणूस आडवा झाल्यावर. खरा गारवा हवा असेल तर मेम्ब्रेन आणि कापडाच्या मध्ये 50 मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमच्या पाट्या) घालावं. पांढरा थर्मोकोल नव्हे, तो पाणी पितो. एक्सपीएस पाणी पीत नाही, पण त्याला पोहता येतं. गोट्यांचा थर निदान त्याच्या जाडीइतका नसेल आणि पाइप चोंदला, तर सगळं अंथरूण वर येतं. म्हणून पाइप 100 मिमीचे आणि दोन हवेत, प्रत्येकाच्या तोंडावर गोटे रोखणारी उभी जाळी हवी, आणि कठड्यात ओव्हरफ्लोचं भोक हवं. माडाची चुडतं, आंब्याची पानं आणि कावळ्याने आणलेलं माशाचं हाड या सगळ्यांना जाळी माहेरासारखी वाटते. पावसाळ्यात दर आठवड्याला वर जायचं. पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटायचं.

वाऱ्याचंही ऐका. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कौलं उडाली, पत्रे उडाले. गच्चीवर वारा सर्वांत वाईट वागतो तो कोपऱ्यांत आणि कडेला. तिथले गोटे सरकून मेम्ब्रेन उघडं पडतं आणि बारीक असतील तर शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर जातात. कोपऱ्यांत काँक्रीटच्या फरशा घालाव्यात.

पण यातलं काहीही घरच्या बायकांना सांगून बघा. त्यांचा प्रश्न एकच असतो: पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, कुठे सुकवायचं? भिरंडाची (कोकमाची) सोलं, पापड, खारे बांगडे गोट्यांवर पसरता येत नाहीत. पसरलेच तर सोल उचलताना गोटा येतो आणि गोटा सोलकढीत जातो. उपाय आहे: पायऱ्यांपासून टाकीपर्यंत फरशांची पायवाट करायची आणि ती मुद्दाम दोन मीटर रुंद ठेवायची. टाकीवाला प्लंबर आणि बांगडे दोघांचीही सोय होते.

एवढं करूनही गळलंच, तर छतावरचा डाग म्हणजे भोक नव्हे. पाणी स्लॅबमधून वाट काढत दोन-तीन मीटर लांब टपकतं. मीटरभर रुंदीचा पट्टा करून गोटे सरकवायचे, तेही प्लास्टिकच्या सुपलीने. लोखंडी फावडं लावलं की शोधत होता त्याच्या शेजारी नवीन भोक. आणि जुलैत कापड उचलून बघायचं, तर ते सगळंच ओलं. कुठून आलं ते कापडही सांगत नाही. मग गच्ची वाळेपर्यंत थांबायचं, म्हणजे चवथ उलटेपर्यंत. तोवर हॉलमध्ये डागाखाली बादली, आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना तेवढा कोपरा सोडून.