ऑर्कांच्या पेयाला इतकं हलक्यात घेऊ नका

टॉल्किनच्या कथांमधल्या पेयांवरच्या तुमच्या लेखात ऑर्कांना, म्हणजे त्या कथांतल्या क्रूर, राक्षसी सैनिकांना, 'मिळेल ते ढोसणारे' म्हणून दोन ओळींत उरकलंय, ते अजिबात पटलं नाही. टॉल्किनच्या 'द टू टॉवर्स'मधला (१९५४) प्रसंग पुन्हा वाचा. ऑर्कांचा म्होरक्या उग्लूक कैदेतल्या पिपिन या हॉबिटच्या (बुटक्या जमातीतल्या पोराच्या) दातांत बुधली खुपसून जळजळीत द्रव घशात ओततो. अंगात ऊब पसरते, पायांच्या वेदना जातात आणि पोरगा चक्क उभा राहतो! हे पेय चवीसाठी नाहीच. धावत्या टोळीला पायांवर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. जादूगार गॅन्डाल्फ काराध्रास पर्वताच्या बर्फात आपल्या सगळ्या सोबत्यांना मिरुवोर या ताकद देणाऱ्या पेयाचा एकेक घोट देतो, तोही त्याचसाठी. फरक देण्याच्या पद्धतीत आहे. तिथे काळजी आहे, इथे जबरदस्ती.

आणि एल्फ (टॉल्किनची अमर, देखणी जमात) म्हणजे संयमी, हे लेखात कुठून आलं? 'द हॉबिट'मध्ये एल्फांच्या राजाचा भांडारी आणि पहारेकऱ्यांचा प्रमुख कडक वाइन पिऊन गाढ झोपतात, म्हणून तर नायक बिल्बोला कैदखान्याच्या किल्ल्या मिळतात.

एन्टांचं, म्हणजे झाडांसारख्या दिसणाऱ्या चालत्याबोलत्या जमातीचं, पेय मात्र लेखात हवंच होतं. दिसायला पाण्यासारखं, पण ते पिऊन पिपिन आणि त्याचा हॉबिट मित्र मेरी यांची उंची वाढते! त्यावर स्वतंत्र लेख लिहा, आवर्जून वाचेन.