ऑलिव्हच्या पानांचा काढा आणि बंद केलेल्या गोळ्या

नागपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: ऑलिव्हच्या पानांचा काढा रोज उपाशीपोटी घ्या, अंगातली सूज मुळापासून जाईल, अल्सर भरून येईल, पोटातले जंतू मरतील, वनस्पतीच असल्याने अपाय नाही, तेव्हा ॲसिडिटीच्या गोळ्या बंद करा. यातील थोडे खरे आहे आणि त्याच्याच आधाराने उरलेले खपते, म्हणून प्रत्येक दावा वेगळा तपासायला हवा.

सुजेचा दावा अगदी हवेतला नाही. या पानांत ओल्युरोपिन नावाचे कडू द्रव्य असते आणि प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर त्याचा सूज कमी करणारा परिणाम दिसला आहे. परंतु पेशींवर थेट अर्क टाकणे आणि आतडे व यकृत ओलांडून रक्तात उरेल तेवढ्यावर भिस्त ठेवणे यांत मोठे अंतर आहे. माणसांवरचा उल्लेखनीय अभ्यास रक्तदाबाचा आहे: 2011 साली प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातील चाचणीत 500 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, 8 आठवडे दिला गेला आणि रक्तदाब कॅप्टोप्रिल या औषधाइतपतच उतरला. मात्र तो प्रमाणित अर्क होता. घरच्या काढ्यात द्रव्य किती उतरले हे कोणी मोजत नाही.

अल्सरविषयीचे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत, आणि त्यांत बहुधा अर्क आधी देऊन मग जठराला इजा केली जाते. आधीच झालेली जखम भरून येणे ही निराळी गोष्ट आहे.

जंतूंचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. जठरातील अल्सरचे एक प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 साली नोबेल मिळाले. ऑलिव्हच्या पानांच्या अर्काने हा जिवाणू काचेच्या बशीत रोखला जातो, हेही ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2009 साली नोंदवले आहे. पण जठरात तो श्लेष्माच्या थराखाली दडून राहतो. तिथे एकटे प्रतिजैविकसुद्धा अनेकदा अपुरे पडते, म्हणूनच किमान दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध साधारण 14 दिवस एकत्र द्यावे लागते. जे काम एका प्रतिजैविकाला झेपत नाही ते कपभर काढा करील, असे मानायला आधार नाही.

‘अपाय नाही’ हे तर सरळ चूक आहे. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना हा अर्क घेतल्यास दोन्ही प्रमाणाबाहेर उतरू शकतात. त्याहून मोठी भीती पानांच्या ओळखीची आहे. ऑलिव्हचे झाड आपल्याकडे कुणाच्या अंगणात सहसा नसते, कण्हेर मात्र अंगणात आणि रस्त्याच्या दुभाजकांवरही असते, आणि तिची लांबट, जाड पाने अनोळखी माणसाला तशीच वाटतात. ऑलिव्हची पाने आखूड, समोरासमोर जोडीने येणारी आणि मागून चंदेरी असतात. कण्हेरीची बरीच लांब, बहुधा एका पेरावर तीन-तीन आणि मागूनही हिरवीच. कण्हेरीचे विष हृदयाचे ठोके बिघडवते आणि उकळल्याने जात नाही. कुणी आणून दिलेल्या सुट्या पानांचा काढा म्हणूनच करू नये.

राहिला गोळ्या बंद करण्याचा सल्ला. सावजी रस्सा खाल्ल्यावर होणारी जळजळ आणि अल्सरची वेदना घरबसल्या वेगळी ओळखता येत नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडखळणे, विनाकारण घटणारे वजन, यांपैकी काहीही असल्यास काढ्यात दिवस न घालवता तपासणी करून घ्यावी. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन किंवा गुडघ्यांसाठी वेदनाशामक घेणाऱ्या अनेक ज्येष्ठांना ॲसिडिटीची गोळी जळजळीसाठी नव्हे, तर जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली असते. ती ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये.